मसाल्याच्या डब्यातल्या गोळ्या

६ जाने., मंगळवार

गजक (तीळ-गुळाची कडक वडी) खाल्ली आणि दाढ गेली. पूर्ण नाही, जुन्या सिमेंटचा कोपरा. ओंकार (नवरा, यापुढे ओ.) सकाळी मुरैन्याहून डबा घेऊन आला होता, "ताज़ी है, अभी कुटी है" करत. मी उभ्याउभ्याच एक तुकडा उजव्या दाढेखाली दाबला. कट् झालं. आधी वाटलं, वा, खुसखुशीत आहे. मग चहाचा घोट घेतला. कळ थेट कानात.

सासूबाईंनी (यापुढे सा.बा. लिहिते) लगेच दातवाल्या मामांना फोन लावला. मामा म्हणजे त्यांचे मावसभाऊ. इथल्या लश्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांचे दात त्यांच्या हाताखालून गेलेत. मामा बेंगळुरूला लेकीकडे. महिनाअखेरीस येणार, तोवर दवाखान्याला कुलूप.

"मग दुसऱ्या कोणाकडे जाऊ या का?"

मी दुसऱ्याच कुलदैवताला नवस बोलले असावे, तशा सा.बा. माझ्याकडे बघत राहिल्या. "घरचा डॉक्टर असताना? भाऊला काय वाटेल? आणि कळल्याशिवाय राहतं का इथे काही?"

मामांनी फोनवरच गोळी सांगितली. दोनदा, जेवणानंतर. बाबा (सासरे) स्वेटर, मफलर, कानटोपी असा सगळा सरंजाम चढवून औषधाच्या दुकानात गेले आणि दहा गोळ्यांची पट्टी घेऊन आले.

ती गोळी मला बहुतेक चालणार नाही. का, ते या घरात फक्त मला आणि ओ.ला माहीत आहे.

७ जाने.

तीन महिने पूर्ण होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. इथली रीत. माझ्या माहेरीही आहे, पण इथे जरा कडक. सा.बा. शेजारच्या सुनेबद्दल बोलताना म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याच महिन्यात गावभर! काय घाई?" तेव्हा मी नवी नवरी होते, मान डोलावली होती.

डिसेंबरच्या शेवटी दोन रेषा दिसल्या. कंपू भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे मी आणि ओ. चोरासारखे जाऊन आलो. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर बघायला चाललोय. संध्याकाळी सा.बा.: "मग चष्मा कुठाय?" ओ.: "नंबर निकला ही नहीं." इतकं सहज खोटं बोलतो हा माणूस, मला काळजीच वाटते.

सोनोग्राफी २२ला. तेव्हा ठोके कळतील. तोपर्यंत काहीच नक्की नाही असं डॉ.बाई म्हणाल्या, हसून म्हणाल्या, पण म्हणाल्या. तोपर्यंत नावही नको. पाहुणा किंवा पाहुणी. वहीत पा. पुरे.

आईलाही (देवासला) सांगितलेलं नाही. एका आईला सांगायचं आणि दुसरीला नाही, हे बरोबर वाटत नाही. ओ. म्हणतो, "तू ज़रूरत से ज़्यादा ईमानदार है." काय करू? चौथीपर्यंत आईने मला घरीच शिकवलं. परीक्षा घेणारी आणि जेवायला वाढणारी बाई एकच, कॉपी करणार कशी? वाचायला जे हाती लागेल ते. साखरेची पिशवी, पंचांग, औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद. न वाचता काही तोंडात टाकायचं नाही, ही सवय तेव्हाची.

म्हणून वाचलं. मामांच्या गोळीत दोन औषधं आहेत, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. पट्टीच्या पाठीवर एवढंच. बाकी मोबाइलवर शोधलं तर एक ठिकाण भीती घालतं, दुसरं म्हणतं काही नाही. शेवटी गच्चीवर जाऊन, वाळत घातलेल्या गोधड्यांच्या आडून डॉ.बाईंना फोन.

त्यांचं म्हणणं लिहून ठेवते, नाहीतर मी आठवून आठवून बदलेन. आयबुप्रोफेन या दिवसांत नको. नुसतं पॅरासिटामॉल. पाचशेची एक, फारच झालं तर दोन. मध्ये सहा तास गेलेच पाहिजेत, कितीही ठणकलं तरी. दिवसात आठ म्हणजे टोक, त्यापुढे लिव्हरला धोका, आणि मी त्या टोकाच्या आसपासही जायचं नाही. सर्दीच्या गोळीतही बहुतेक हेच असतं, म्हणून ती वरून घ्यायची नाही. घरात उरलेलं कुणाचं अँटिबायोटिक नाही. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना.

"और दाँत दिखाओ, बेटा. गोली से दर्द सोता है, दाँत ठीक नहीं होता."

विचारलं, या दिवसांत दाताचं काम चालतं?

"क्यों नहीं चलता? डेंटिस्ट को बस बता देना."

बता देना. तेच तर.

८ जाने.

बाबांच्या डब्याबद्दल लिहायलाच हवं.

बाबा सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झाले, पण हिशेब त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. घरात येणारी औषधाची प्रत्येक पट्टी ते कात्रीने कापतात. एकेक गोळी सुटी. मग ती मसाल्याच्या गोल डब्यात, जिथे एकेकाळी मोहरी-जिरं होतं. सात वाट्या. प्रत्येक वाटीवर कागदाची पट्टी, निळ्या शाईत सुरेख अक्षर: ताप. दात. पोट. गुडघा. सर्दी. चक्कर. इतर. औषधाचं नाव कुठेच नाही. नाव अर्धं या गोळीच्या पाठीवर, अर्धं त्या गोळीच्या, आणि तारीख कात्रीत गेलेली.

मी एकदा म्हटलं होतं, "बाबा, नाव लिहिलं तर?"

"नाव घेऊन करायचंय काय? दुखतंय कुठे ते माणसाला ठाऊक असतं. तेवढं पुरतं."

खरं सांगायचं तर डबा उघडला की अजून हिंगाचा वास येतो, छान वाटतं.

माझी पॅरासिटामॉलची अख्खी पट्टी मी कपाटात साड्यांखाली ठेवली आहे. मामांची गोळी सा.बा. स्वतः हातावर ठेवतात आणि पेला धरून समोर उभ्या. आज दोन्ही वेळा गोळी मुठीत ठेवली, रिकामी बोटं तोंडाला लावली, पाणी प्यायले. वर "बरं वाटतंय" म्हटलं. ते मात्र खरं होतं, कारण माझी पांढरी आधीच घेतली होती.

स्वेटरच्या खिशात दोन नारिंगी गोळ्या. टाकू कुठे? कुंडीत टाकल्या तर तुळशीला काय होईल? ओ.ला विचारलं. तो बराच वेळ हसला आणि गोळ्या घेऊन गेला. कुठे टाकल्या सांगत नाही.

९ जाने.

धुकं. दुपारी बारापर्यंत समोरचं घर नाही. दाढ शहाण्यासारखी वागली. दोनच गोळ्या लागल्या.

सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासायला आली आहेत (माझं घरबसल्याचं काम). तिसरा धडा पचनसंस्था, सुरुवात दातांपासून. चित्रात दाढेला गुलाबी रंग दिलाय, हसरी दिसते. त्या चित्रावर मी उगाच प्रश्नचिन्ह केलं.

१० जाने.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. लवंगतेल, पण डॉ.बाईंना विचारून: काडीच्या टोकाला कापूस, एक थेंब, दाढेच्या खड्ड्यापुरतं, गिळायचं नाही.

बाबांचा उपाय: गोळी गिळायचीच नाही, दुखऱ्या दाताशी दाबून धरायची. "आमचे वडील तसंच करायचे."

"हिरडी भाजते, बाबा."

"थोडी भाजली की दाताचं दुखणं कळत नाही."

ओ. ताटावरून: "पापा, कॉलेज में किया था मैंने. हफ़्ताभर खिचड़ी खाई."

"मग? दात दुखला का नंतर?"

"दात काय दुखणार, सगळं तोंडच दुखत होतं!"

सा.बा. इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाठीवरून हात फिरवताना वाटलं, सांगून टाकावं. आत्ता. सगळे हसत असताना. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि त्या उठल्या.

११ जाने., रविवार

ओ.ने आज सांगितलं, तीन महिन्यांचं एवढं कडक का. त्याच्याआधी सा.बा.ंना एकदा दिवस गेले होते. आनंदात दुसऱ्याच महिन्यात नया बाजारभर पेढे वाटले. लोकांकडचे पेढे संपलेही नसतील. त्यानंतर कितीतरी दिवस कोणी भेटलं की विचारायचं, काय, तब्येत कशी? आणि त्यांना पुन्हा सांगावं लागायचं, अमुक झालं म्हणून. प्रत्येकीला वेगळं.

हे मला आधी माहीत असतं तर मी त्यांना मनातल्या मनात जुनाट म्हटलं नसतं.

आता तर सांगणं अजून अवघड. २२ला ठोके ऐकू आले तर ठीक. नाही आले तर? माझी भीती माझ्यापुरती पुरे. त्यांना पुन्हा त्या रांगेत कशाला उभं करू?

१२ जाने.

आज अक्षर वाईट येईल.

लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत, म्हणून सा.बा. आठवडाभर धावपळीत. काळी साडी, हलव्याचे दागिने, शुक्रवारी मोठं हळदीकुंकू. आज त्या साडी काढायला माझं कपाट उघडून बसल्या आणि साड्यांखाली पट्टी सापडली. "अगं, इथे कुठे ठेवलीस, हरवेल." पट्टी बाबांकडे. बाबांची कात्री. माझ्या गोळ्या 'ताप' वाटीत.

मी मुद्रितांत होते. दुपारी कळ आली ती अशी की डोळ्यांत पाणी. त्याच वेळी कुरिअरवाला दारात, इंदूरहून मावससासूबाईंनी पाठवलेले दागिने, आणि सा.बा. "अनघा, सही कर गं, माझे हात पिठाचे!" डबा टेबलावर. आईने सांगितलं होतं 'ताप'मध्ये ठेवल्यात (सा.बा.ंना तोंडाने आईच म्हणते). 'ताप'मधून एक उचलली, कवच फोडलं, गिळली, सही केली.

दागिन्यांचं खोकं उघडताना लक्षात आलं. माझ्या गोळ्या पांढऱ्या, गोल. मी गिळली ती लांबट होती. नारिंगी.

बाबांना विचारलं, आवाज शक्य तेवढा साधा ठेवून.

"हां, मामांची. ती तापावरही चालते ना, दुकानदारानेच सांगितलं. म्हणून थोड्या 'दात'मध्ये, थोड्या 'ताप'मध्ये." फार समाधान होतं चेहऱ्यावर.

गच्ची. गोधड्या. फोन लागेना, मग लागला. डॉ.बाई म्हणाल्या, "एक गोली? एक से कुछ नहीं होता, बेटा. साँस लो पहले. बस दोबारा मत लेना." आणि लक्षात ठेव, तिच्यातही पॅरासिटामॉल होतं, तेव्हा पुढची सहा तासांनीच. पोटात दुखलं किंवा रक्त दिसलं तर ताबडतोब फोन.

मग म्हणाल्या, "मला तुझ्यापेक्षा तुमच्या त्या डब्याची भीती वाटते. घर में बता दो."

एकदा. आयुष्यात एकदा न वाचता गिळली.

संध्याकाळी ओ. म्हणाला, "मी सांगू?" मी म्हटलं, मी सांगेन. हळदीकुंकू होऊ दे. इतक्या हौसेने करतायत.

१३ जाने.

भोगी. बाजरीची भाकरी, तीळ, लोणी, लेकुरवाळी भाजी. मी फक्त डाव्या बाजूने जेवते, म्हणजे अर्ध्या वेगाने. बाबांचा पेपर वाचून झाला तरी माझी पहिली भाकरी.

रक्त नाही, पोटात दुखणं नाही. सारखी बघते. ओ.ने बाजारातून नवी पट्टी आणली, ती आता सातवीच्या विज्ञानात, पचनसंस्थेच्या पानांत. तिथे कात्री पोचणार नाही.

१४ जाने., संक्रांत

प्रत्येकजण तिळगूळ देतो आणि मी तो खाईपर्यंत तोंडाकडे बघतो. पदरात भरपूर जमला. ओ.ने सगळा संपवला. अजून सांगितलं नाही.

१६ जाने., शुक्रवार

मोठं लिहायचं आहे.

सकाळी आरशात बघितलं तर उजवा गाल थोडा वर आलेला. दाबलं तर गरम. ताप मोजला, थोडा. डॉ.बाईंचं वाक्य वहीत काढून वाचायची गरज नव्हती. त्याच दिवशी. आणि त्याच दिवशी चार वाजता चाळीस बायका येणार.

ओ. ऑफिसात. त्याला कळवलं. "मी येतोय, जाऊ या सीधे." मी म्हटलं, सहापर्यंत थांब. नंतर वाटलं, हेच तर 'वाट पाहणं' नाही का? मोबाइलवर नया बाजारातल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना शोधला, आठपर्यंत उघडा. नाव नोंदवलं. फोनवर विचारलं, गिळता येतंय? तोंड उघडतंय? येतंय, उघडतंय. मग सातला या, वाढलं तर लगेच या. हे झाल्यावर जरा धीर आला.

काळी साडी. हलव्याचा हार, बाजूबंद, मुकुट. मुकुट जड नव्हता पण साखर गळ्यावर सांडत होती. सा.बा.ंनी लांबून बघितलं, मग जवळ येऊन गालाला हात लावला. "सुजलाय गं. गोळी घेतलीस ना भाऊची?"

"हो" म्हणाले असते तर तेही खोटं. बेल वाजली.

बायका, हळद, कुंकू, अत्तर, वाण (स्टीलचे चमचे). एक म्हणाली, "सुनबाई एका बाजूने जास्त गोड दिसतेय!" सगळ्या हसल्या, मीही, डाव्या बाजूने. मोघे काकू गालिच्यावर ऐसपैस बसून सांगत होत्या, "मी तर भाऊंशिवाय कोणाला तोंड उघडून दाखवत नाही. तीस वर्षं!" मग त्यांनी पर्स उघडली आणि माझ्यासमोर एक गोळी धरली. सुटी. हिरवी. "घे, अर्ध्या तासात गायब. माझ्या गुडघ्याची आहे, पण दुखणं ते दुखणं."

सा.बा.ंनी पाण्याचा पेला पुढे केला. "घे गं, काकू एवढं म्हणतायत."

सगळ्या बघत होत्या. मूठ वळता आली असती. चांगला सराव झालाय. पण बांगड्या, दागिने, बोटांना लागलेली साखर, आणि मला एकदम कंटाळा आला. गोळीचा नाही, मुठीचा.

"नको," मी म्हटलं. "मी नाही घेणार."

सा.बा.ंचा चेहरा उतरला. चाळीस बायकांसमोर सुनेने नाही म्हणायचं, तेही असं. त्या हसून म्हणाल्या, "आजकालच्या मुली, सगळं मोबाइलला विचारून," आणि आत गेल्या. मी मागोमाग.

स्वयंपाकघरात त्या पाठमोऱ्या. मी म्हटलं, "आई, मला ती गोळी चालत नाही. कोणतीच चालत नाही, एक सोडून. २२ तारखेला सोनोग्राफी आहे."

त्यांना कळायला वेळ लागला नाही. हातातली कुंकवाची कोयरी ओट्यावर ठेवली. मग विचारलं, "भाऊच्या गोळ्या? त्या मी इतके दिवस..."

"मी घेतल्या नाहीत. एक चुकून गेली. डॉक्टरांना विचारलं, एकीने काही होत नाही म्हणाल्या."

"एक कशी गेली?"

सांगितलं. कपाट, कात्री, 'ताप'.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या.

"नाही, आई. मी न बघता गिळली."

"मला का नाही सांगितलंस?" आणि लगेच स्वतःच, "हो. मीच तर." पदराने माझ्या गळ्यावरची साखर झटकली, बराच वेळ, सगळी गेली तरी. मग कोयरी उचलली. "चल बाहेर. उरलेल्यांना कुंकू लावते. किती वाजता जायचंय?"

"सातला."

"मी येणार."

बाहेर जाऊन मोघे काकूंना म्हणाल्या, "तिला अ‍ॅलर्जी आहे हो, मीच विसरले." सराईत. ओ. कोणावर गेलाय ते आज कळलं.

पावणेसातला आम्ही तिघं निघालो. दागिने काढले होते, काळी साडी तशीच. सा.बा.ंनी शाल डोक्यावरून नाकापर्यंत. "थंडी आहे," म्हणाल्या. दवाखान्यात शिरलो, खुर्च्यांवर दोघी-तिघी. कोपऱ्यात एकजण पेपर उलटा धरून बसलेली. पेपरखाली ओळखीची जांभळी पैठणी, मांडीवर आमच्याकडचा स्टीलचा चमचा.

सा.बा.ंनी शाल खाली केली. पेपर खाली आला. मोघे काकू.

"तुम्ही?"

"तुम्ही?"

"मी हिला सोबत."

"मी तर नुसती... कवळीचं विचारायला. भाऊंना बोलू नका हां."

"आपण भेटलोच नाही," सा.बा. म्हणाल्या, आणि दोघी हसायला लागल्या, शाळेतल्या मुलींसारख्या. ओ.ने बाहेर जाऊन हसून घेतलं.

डॉक्टर तरुण, माझ्याच वयाच्या असतील. आधी सांगितलं, दिवस गेलेत. त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही, रोजचंच असावं. जागा बधिर करायचं इंजेक्शन चालतं म्हणाल्या, एक्स-रेचा फोटो दाताएवढाच छोटा, अंगावर जाड संरक्षक पट्टा घालून. दाढ उघडली, आतलं दडपण मोकळं केलं. ते मोकळं होतानाच कळलं की हे इतके दिवस मी कोणाशी भांडत होते. तात्पुरतं सिमेंट भरलं. या दिवसांत चालणारं अँटिबायोटिक दिलं, मध्येच सोडायचं नाही, पूर्ण करायचं. दुखलं तर तेच पॅरासिटामॉल, तेच सहा तास. रूट कॅनॉल चौथ्या-पाचव्या महिन्यात, निवांत.

"और पहले क्यों नहीं आईं?"

सा.बा. माझ्याआधी बोलल्या. "हमारे घर के डॉक्टर बाहर गए हैं."

१७ जाने.

गाल खाली. ताप नाही. डाव्या बाजूला आज सुट्टी दिली.

सकाळी सा.बा.ंनी औषधाचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला.

बाबा: "अगं! अगं, पाच वर्षांची व्यवस्था आहे ती!"

"मुंग्या लागल्यात."

"गोळ्यांना मुंग्या?"

"काहींवर साखर असते ना. बघा."

बाबा चष्मा लावून मुंग्या शोधायला बसले. त्यांना अजून सांगायचं नाही असं ठरलंय. म्हणजे तीन महिन्यांची रीत चालूच, फक्त आतली माणसं दोनाची तीन झाली. आईला मात्र आज फोन करायचा, सा.बा.ंनीच सांगितलं. "तुझी आई आहे, तिला माझ्यानंतर कळलं हेच जास्त झालं." केला. आई आधी रडली, मग विचारलं, "गोळीवरचा कागद वाचला होतास का?"

ओळखता येत नाहीत त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून ओ. औषधाच्या दुकानात विचारायला गेला, कुठे टाकायच्या म्हणून. नव्या पट्ट्या अख्ख्याच राहतील. बाबांना कात्रीऐवजी नव्या चिठ्ठ्या लिहायचं काम दिलंय, औषधाचं नाव आणि तारीख. नाराज आहेत, पण अक्षर तितकंच सुरेख.

१९ जाने.

बेंगळुरूहून मामांचा फोन. "काय, दाढ?" सा.बा. म्हणाल्या, "बरी आहे." मामा: "बघ, माझी गोळी!" सा.बा.: "हो ना."

फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता आल्यावर ते सिमेंट कोणाचं विचारेल तेव्हा काय सांगू?" मी म्हटलं, खरं सांगू. त्या म्हणाल्या, बघू.

संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी आपणहून त्या वेळचं सांगितलं. थोडंसंच. पेढे कुठल्या दुकानाचे होते वगैरे. मी ऐकलं. मेथी निवडून संपली तरी आम्ही काड्या मोडत होतो.

२१ जाने.

दाढ गप्प. आज एकही गोळी नाही.

सा.बा. म्हणतात, उद्या कंपूपर्यंत येईन, आत येणार नाही. "मी बाहेर बसेन. माझा पायगुण नको." मी म्हटलं असं काही नसतं. "ठाऊक आहे गं. तरी."

बाबांना सांगितलंय, आम्ही चष्म्याचा नंबर तपासायला जातोय. बाबा: "तिघं? एका चष्म्याला?"

२२ जाने.

इथेच लिहिते, सोनोग्राफीच्या बाकावर. वही पर्समध्ये आणली. आमच्या आधी दोघीजणी.

ओ. गाडी लावायला जागा शोधतोय. मला पाणी पिऊन यायला सांगितलं होतं, सा.बा.ंनी त्यात अजून दोन पेले घातले. आता हसायचीही सोय नाही. भीती वाटते आहे, पण त्या दिवशी गच्चीवर वाटली तशी नाही. तेव्हा ती एकटीची होती.

सा.बा. शेजारी. कधीपासून माझी शाल नीट करतायत, ती नीटच आहे. "दुखतंय का?" "काय, दाढ?" "काहीही." "नाही, आई." भिंतीवर गुबगुबीत बाळाचा फोटो. त्या तिकडे बघत नाहीत, खिडकीकडे बघतात.

एक आत गेली. एक उरली.

"तू जा हं, मी इथेच आहे," आत्ता परत म्हणाल्या. तिसऱ्यांदा.

ती बाहेर आली. दार उघडंच आहे. नाव घेतलं माझं. माझ्या आधी सा.बा. उठून उभ्या, आणि दाराकडे निघाल्याही. वही मिटते.